अमृतातला अ

मास्तर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडच्या चौकात त्यांचा फ्लेक्स लागला. कारखान्यातल्या कामगारांनी मोठ्या मायेनं लावलेला. फोटो बहुधा आधार कार्डावरचा असावा, कारण त्यात मास्तर कुणाला तरी 'न्हाय' म्हणायच्या बेतात दिसत होते. भोवती झेंडूचं तोरण छापलेलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि वर ठळक अक्षरांत 'श्री गुरुवे नमः'.

मी स्कूटी बाजूला घेतली, किल्ली काढली आणि त्या 'रु'चं शेपूट खरवडायला लागले.

पानटपरीवरून एक जण ओरडला, "ओ ताई! मेलेल्या मानसाचा फ्लेक्स फाडताय व्हय?"

"फाडत नाही, दुरुस्त करतेय. गुरवे पाहिजे. गुरुवे चूक आहे."

"आता त्यांना काय फरक पडतोय?"

काय फरक पडतोय! हे त्यांनी बघितलं असतं तर तिरडीवरून उठून बसले असते. इतकी वर्षं ज्या उकाराशी माणूस भांडला, तोच उकार लोकांनी प्रेमानं नेऊन त्याच्या डोक्यावर बसवला होता. मी शेपूट पुरतं खरवडून काढलं. फ्लेक्सला तिथं पांढरा ओरखडा पडला. टपरीवाला पुटपुटला, मी किल्ली पुसली आणि कामाला गेले.

त्या उकाराचं आणि मास्तरांचं वैर जुनं होतं. एकदा सात रस्त्याच्या सिग्नलला त्यांच्या सायकलीपुढं एक रिक्षा होती आणि रिक्षाच्या पाठीवर हेच 'श्री गुरुवे नमः'. मास्तरांनी सायकल पुढं दामटली आणि रिक्षावाल्याला विचारलं, "गुरु शब्द चालवता येतो का?"

रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, मी रिक्षा चालवतो की. शब्द कशाला चालवू?"

शब्द चालवणं म्हणजे काय, हे शाळेत संस्कृत घेतलेल्यांना सांगायला नको. एक शब्द घ्यायचा आणि पहिल्या विभक्तीपासून शेवटच्या विभक्तीपर्यंत त्याची सगळी रूपं म्हणत जायचं. मास्तरांनी तिथंच एक पाय रस्त्यावर टेकवून सुरुवात केली. गुरुः गुरू गुरवः. गुरुम् गुरू गुरून्. तृतीयेपर्यंत पोचले तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न लावले आणि रिक्षा पळाली. दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना हळहळत होते. म्हणाले, "अम्मा, फकस्त एक विभक्ती राहिली हुती. चतुर्थीच्या तोंडाशी येऊन निसटला बघ."

'नमः आला की चतुर्थी' हा त्यांचा नियम. नमस्कार ज्याला करायचा, त्याची चतुर्थी विभक्ती: गणपतये नमः, लक्ष्म्यै नमः, गुरवे नमः. लग्नपत्रिका, कॅलेंडर, देवळाची पाटी, काहीही समोर आलं की मास्तर आधी चतुर्थी तपासायचे. कारखान्यात सगळे म्हणायचे, मास्तरांची रोजच चतुर्थी असते. नवीन कामगार हे ऐकून उपास समजायचे. एकानं तर भाबडेपणानं साबुदाण्याची खिचडी आणून दिली होती. मास्तरांनी ती खाल्ली, वर त्याला गणपति शब्द चालवून दाखवला.

मी बार्शीची. कॉम्प्युटरवर डिझाइन करायचा कोर्स करून एमआयडीसीतल्या या चादरीच्या कारखान्यात लागले, ती माझी पहिली नोकरी. सोलापुरी चादरीवरचे मोर, फुलं, नावं छापलेली नसतात, विणलेली असतात. कुठला धागा कधी उचलायचा, हे मागाला पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरची भोकं सांगतात. ही भोकं पाडणं हे मास्तरांचं काम. नव्या शेडमध्ये तेच काम कॉम्प्युटरवर व्हायचं, ते माझं. म्हणजे खरं तर मी त्यांच्या पोटावर पाय द्यायलाच आले होते. त्यांनी पहिल्या दिवशी मला खुर्ची पुसून दिली आणि 'अम्मा' म्हणाले. त्यांच्या घरची भाषा तेलुगू आणि तेलुगूत पोरीबाळींनाही मायेनं अम्मा म्हणतात. तेवीस वर्षांच्या मला ते ऐकून आपण फार मोठ्या आहोत असं वाटलं.

मग लगेच परीक्षा सुरू झाली.

"घरी मंत्र कुटला म्हनता?"

"नमः शिवाय." आमच्या घरी आई रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन बसते, त्यामुळं हे उत्तर मला झोपेतही आलं असतं.

"लई चांगलं. पाच अक्षरं, एक पन चूक न्हाय. आता सांग, शिवाय म्हंजे काय?"

मी जरा विचार केला आणि म्हणाले, "शिवाय म्हणजे... वगळून."

मास्तर माझ्याकडं बघतच राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि मग असे हसायला लागले की दोन मागांवरचे कामगार काय झालं म्हणून बघायला आले.

"ऐका रे! नमः शिवाय म्हंजे नमस्कार वगळून! बाकी सगळं करा, नमस्कार तेवढा वगळा! अरे, खरं बोलली की पोरगी, लोक दुसरं काय करतात?"

मी लाजेनं मेले. जन्मभर जो मंत्र म्हटला त्यातल्या शिवालाच मी वगळून बसले होते. त्या दिवसापासून मास्तरांनी मला शिकवायला घेतलं, आणि शिकायचंय का, हे काही त्यांनी विचारलं नाही. पॉवरलूमच्या खटाक्-खटाक् आवाजावर ते शब्द चालवायचे. देवः देवौ देवाः, मागाचा धोटा उजवीकडं. देवम् देवौ देवान्, धोटा डावीकडं. महिन्याभरात मला देव, माला, नदी आणि गुरु पाठ झाले आणि शेजारच्या मागावरच्या कामगाराला मोफत झाले.

त्यांचं स्वतःचं शिक्षण असंच उलटं. आठवीत शाळा सुटली ती मागावर बसायला. पन्नाशी उलटल्यावर जुन्या बाजारातून आठवी ते दहावीची संस्कृतची पुस्तकं आणून घोकली आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले. शेजारच्या बाकावर मिशीही न फुटलेली पोरं. संस्कृतात उत्तम पास, बीजगणितात नापास. परत बसले नाहीत. म्हणाले, "बीजगनितात कुटला मंत्र हाय?"

पन्नाशीनंतर हे खूळ कुठून शिरलं, हे मात्र ते सांगत नसत. कुणी हिणवलं तर उत्तर तयार असे. एकदा सूत घेऊन आलेला एक व्यापारी म्हणाला होता, "मास्तर, मंत्र-बिंत्र ते शास्त्री-पंडितांचं काम. तुम्ही आपली भोकं पाडा."

मास्तरांनी हातातला पुठ्ठा त्याच्या नाकासमोर धरला. "ह्ये भोक कुनी पाडलं, मागाला कळतंय का? बरोबर जागी पाडलं तर मोर येतोय, चुकलं तर मोराची मान तुटतीय. पंडितानं चुकीचं पाडलं म्हनून मोर नीट यायचा न्हाय, आन मी बरोबर पाडलं म्हनून अडायचा न्हाय. व्याकरन पन तसंच हाय."

शेठ हे सगळं हसण्यावारी न्यायचे. माणूस कामाला चोख होता आणि त्याच्या व्याकरणाचा पगार द्यावा लागत नव्हता. मग ती चादर आली.

शहरातल्या एका ट्रस्टनं नवा दवाखाना काढला होता. तिथं दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाला पांघरायला चादर, आणि चादरीवर मधोमध विणलेला महामृत्युंजय मंत्र. कल्पना चांगली होती. ट्रस्टनं नक्षीचा कागदही तयार करून, वर सही-शिक्का मारून पाठवला. त्या कागदावर मंत्राच्या ओळी एकाखाली एक छान बसल्या होत्या. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात ट्रस्टचं बोधचिन्ह होतं, चांगलं कलिंगडाएवढं. त्याच्यामुळं शेवटची ओळ पुरली नाही, म्हणून ती तोडली होती. वर 'मृत्योर्मुक्षीय मा' आणि तिच्याखाली 'मृतात्'.

मास्तरांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. आधी मला वाटलं उकार चुकलाय.

"अम्मा, ह्येनी अमृत मारलं की."

मला कळलं नाही. मग डबा खायच्या सुट्टीत, शेडच्या पायरीवर बसून, चटणीच्या बोटानं भाकरीवर अक्षरं काढून त्यांनी मला समजावलं.

"मूळ शब्द दोन. मा आन अमृतात्. आमच्या तेलुगूत मा म्हंजे आमचं. संस्कृतात मा म्हंजे नको. मृत्योः मुक्षीय, मृत्यूपासनं मी सुटावं. मा अमृतात्, अमृतापासनं नको. आता ह्ये दोन शब्द जवळ आले तवा मा नं पुढचा अ गिळला. मामृतात् झालं. सलग लिवलं तर कायच बिघडत न्हाय, वाचनारा ओळखतोय आत अ हाय म्हनून. पन तू मधीच तोडलंस, मा वर ठिवला आन मृतात् खाली टाकलंस, तर अ गेला कुटं? मृतात् म्हंजे मेलेल्यापासनं. मेलेल्यापासनं मला सोडवू नको, असा अर्थ झाला बघ."

"मग करायचं काय?"

त्यांनी भाकरीवर, 'मृतात्'च्या आधी, एक नागमोडी खूण काढली. ऽ. "ह्यो अवग्रह. हितं अ हुता, ह्याची खूण. अ दिसत न्हाय, ऐकू येत न्हाय, पन त्याची जागा ठिवायची. गेला म्हनून त्याची जागा कुनी खायची न्हाय." मग बोटाला लागलेली चटणी बघत बसले. भाकरी तशीच हातात.

त्या दुपारी त्यांनी मला पन्नाशीतल्या खुळाचं कारण सांगितलं. त्यांची बायको दवाखान्यात होती, शेवटचं दुखणं. नातेवाइकांनी एका गुरुजींना जपाला बसवलं. गुरुजी बाहेर व्हरांड्यात बसून हाच मंत्र म्हणायचे. आत पडल्यापडल्या तिनं मास्तरांना विचारलं, "काय म्हनतोय त्यो?" मास्तर बाहेर गेले आणि गुरुजींना अर्थ विचारला. गुरुजी म्हणाले, अर्थाच्या मागं लागू नका, फळ कमी होतं. मास्तर परत आत आले. ती वाट बघत होती. त्यांनी सांगितलं, माहीत न्हाय. दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही.

"मुक्षीय म्हंजे मी सुटावं," मास्तर म्हणाले. "मी. उत्तमपुरुष, एकवचन. ज्याला सुटायचंय त्यानं म्हनायचं असतंय त्ये. ही आत पडलीय, तिला कुनी सांगितलंच न्हाय. आन त्यो बाहेर बसून मी सुटावं, मी सुटावं म्हनत हुता. सुटला की त्यो. संध्याकाळी घरी ग्येला."

डबा झाकून ते उठले. "दवाखान्यातल्या मानसाच्या अंगावर मी मृतात् टाकनार न्हाय," असं म्हणून शेठच्या केबिनकडं चालू लागले.

शेठ वाईट माणूस नव्हता. त्यांनी ती नागमोडी खूण बघितली आणि विचारलं, "मास्तर, हा इंग्रजी एस मध्येच कशाला? गिऱ्हाईक म्हणेल चादर स्मॉल साइज आहे."

मास्तरांनी समजावलं. शेठनी ट्रस्टच्या कार्यवाहांना फोन लावला. कार्यवाह म्हणाले, सही झालेली आहे, काना-मात्रा हलवायची नाही. मग बोधचिन्ह दोन बोटं सरकवा, मा खाली येईल, असं मास्तरांनी सुचवलं. कार्यवाह म्हणाले, बोधचिन्ह तर मुळीच हलणार नाही. थोडक्यात, अमृत हललं तरी चालेल, चिन्ह हलता कामा नये. ते स्वतः दोन दिवसांनी नमुना बघायला येणार होते.

त्या दिवशी मास्तर उशिरा आले. भाद्रपद चालू होता. त्यांच्या सायकलीच्या कॅरियरवर ओलं पोतं होतं आणि पोत्यात वाळकाचा, त्या काकडीसारख्या फळाचा, अख्खा वेल, मुळासकट. कुणा ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून उपटून आणलेला. केबिनमध्ये कार्यवाह पांढऱ्या सफारीत बसलेले, समोर काचेचं टेबल आणि चहा. मास्तरांनी तो वेल मातीसकट टेबलावर पसरला.

"हे काय?" कार्यवाहांनी कप उचलून धरला.

"उर्वारुक," मास्तर म्हणाले. "तुमच्या मंत्रातलं."

मग त्यांनी एक हिरवं वाळूक धरलं आणि ओढलं. ते काही केल्या सुटेना. जोर लावला तसा देठ चिरला, वेल फाटला आणि चहात माती पडली. मग एका पिवळ्याधमक, पिकलेल्या वाळकाला त्यांनी नुसतं बोट लावलं. ते देठापासून अलगद सुटलं, गडगडत गेलं आणि कार्यवाहांच्या मांडीवर पडलं. केबिनभर गोड वास सुटला. मी दारात उभी होते. मला हसू आलं आणि ते दाबता दाबता रडूही आलं.

"असं सोडव, म्हनतोय मानूस," मास्तर म्हणाले. "पिकल्यावर. फाडून नको. आन सोडव ते मरनापासनं, अमृतापासनं न्हाय. एवढी एकच ओळ हाय साहेब. तीच तुमी मधी तोडलीय."

कार्यवाह शांतपणे म्हणाले की त्यांनी एका विद्वानांना विचारलंय. त्यांनी लेखी दिलंय की अवग्रह लिहिलाच पाहिजे असं बंधन नाही. कागद पुढं केला. मास्तरांनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"बरोबर लिवलंय त्येनी. सलग असलं तर लागत न्हाय. तुमी त्यांना तोडलेलं दाखवलं का?"

कार्यवाहांनी ते दाखवलं नव्हतं. पण आता त्यांचाही पारा चढला होता. मांडीवरचं वाळूक टेबलावर ठेवत म्हणाले, "हे बघा, भाव महत्त्वाचा. देव व्याकरण बघत नाही."

"देव कशाला बघंल?" मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "देवाला ठाऊकच हाय की! व्याकरन मानसासाठी असतंय. ही चादर काय देव पांघरनार हाय?"

शेठ टेबलावरची माती बघत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, ऑर्डर आहे. जसं दिलंय तसं पाडा."

मास्तरांनी खिशातून भोकं पाडायच्या खोलीची किल्ली काढली आणि त्या मातीत ठेवली. "न्हाय पाडनार," एवढंच म्हणाले. वेल मात्र पोत्यात भरून परत नेला, टेबल पण शर्टाच्या बाहीनं पुसून दिलं. कुठं माग थांबले नाहीत, कुणी त्यांच्यामागं गेलं नाही. मीही नाही.

शेठ माझ्याकडं वळले. "मास्तरांवाचून अडत नाही. कॉम्प्युटरवर घे."

मी घेतलं. हे मला सांगितलंच पाहिजे. मा खाली आणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. अवग्रहाला त्याहून कमी. ट्रस्टमध्ये कुणी डोळे फाडून बघणार होतं असं नाही. पण शेठ मागं उभे होते, नोकरी पहिली होती आणि मला भीती वाटली. मी जसं दिलं तसं विणायला पाठवलं. पहिली चादर मागावरून उतरली तेव्हा ती फार सुंदर दिसत होती, त्याचा मला जास्त राग आला.

त्यानंतर मास्तर कारखान्यात आले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरापर्यंत जाऊन कोपऱ्यावरून परत आले.

पुढं माझ्या आईच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन त्याच दवाखान्यात ठरलं. मी दुपारी डबा घेऊन गेले तर आई मीच केलेली चादर पांघरून झोपली होती. वॉर्डातल्या सगळ्या खाटांवर त्याच. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग आईच्या छातीवरच्या अक्षरांकडं लक्ष गेलं. 'मृतात्'च्या आधी, पांढऱ्या जागेत, लाल दोऱ्यानं काहीतरी शिवलं होतं. बोटाच्या पेराएवढं, नागमोडी.

ऽ.

मी शेजारची खाट बघितली. तिथंही होता. त्याच्या पलीकडं होता. एकावर नुकताच घातलेला, लालभडक. एकावर धुऊन धुऊन गुलाबी झालेला आणि त्यावर पुन्हा गिरवलेला.

सिस्टरला विचारलं तर ती हसली. "ते चादरवाले आजोबा. दर गुरुवारी उसवलेलं शिवायला येतात. उसवलेलं काहीच नसतं, पण शिवून जातात."

"कुणी अडवलं नाही?"

"ऑफिसातनं अडवलं होतं एकदा. आजोबा म्हणाले, कारखान्यातनं आलोय, डिफेक्ट पीस हायत, वॉरंटीत दुरुस्त करून देतोय. मग कोण काय बोलणार?"

गुरुवारी मी सकाळपासून आईच्या खाटेजवळ बसून राहिले. मास्तर आले ते तीनच्या सुमाराला. वाळले होते. चष्म्याला दोरी, खिशाला सुया टोचलेल्या, हातात लाल दोऱ्याचं रीळ. मला बघून ना चकित झाले ना रागावले.

"अम्मा, जरा सर. उजेड अडतोय."

मी सरकले आणि म्हणाले, "मास्तर, ते डिझाइन मी केलं होतं."

"ठाऊक हाय. अक्षर चांगलं आलंय. मा चा काना जरा पातळ झाला." आणि दोरा ओवलेली दुसरी सुई त्यांनी माझ्या हातात दिली. "पलीकडच्या दोन राहिल्यात. वरनं सुरू कर, पोटात वळव, खाली शेपूट. चार टाके घाल, जास्त नको, पेशंटला टोचतंय."

मला माफ केलंय की कामाला लावलंय, ते कळलं नाही. त्यांच्या लेखी त्या दोन गोष्टींत काही फरक नसावा. माझे पहिले दोन अवग्रह खरोखरच इंग्रजी एस आले. ते त्यांनी उसवायला लावले.

पलीकडच्या खाटेवर एक खेड्यातली आजी होती, ऐंशीच्या पुढची, नाकात नळी. मी तिच्या चादरीला हात लावला तशी ती जागी झाली.

"काय लिवलंय गं बाय ह्येच्यावर? पाच दिस झालं पांगरतीय. कुनाला इचारलं तर सांगंनात."

मास्तरांची सुई हवेतच थांबली. त्यांनी आजीकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "सांग की, अम्मा."

मी सांगितलं. वाळूक पिकल्यावर देठापासून सुटतं, तसं मी मरणापासून सुटावं. अमृतापासून नको.

"येवढंच व्हय?" आजी म्हणाली. "मंग सरळ मराठीत लिवायचं की. आमच्या रानात ढीगभर वाळकं हायती."

मास्तर हसले. उठून तिच्या उशाशी गेले. "आज्जी, ह्ये ज्यानं पांघरलंय त्यानं म्हनायचं असतंय. दुसऱ्या कुनी न्हाय. म्हनतीस का?"

"म्हनते की. सांग."

त्यांनी एकेक तुकडा सांगितला, ती नळीतून धापा टाकत म्हणत गेली. उर्वारुकमिव. बन्धनात्. मृत्योर्मुक्षीय. जीभ अडखळत होती, पण ती मागं हटणारी नव्हती. शेवटच्या तुकड्याशी आली आणि एका दमात म्हणून गेली, "मा मृतात्."

मला वाटलं, आता हे सोडून देतील. एवढी म्हातारी, एवढी आजारी.

"न्हाय," मास्तर म्हणाले. त्यांनी तिच्या छातीवरच्या लाल खुणेवर बोट ठेवलं. "मा अमृतात्. आज्जी, काय बी सोड, अ सोडायचा न्हाय."

आजीनं त्यांच्याकडं रोखून बघितलं. नाकातली नळी हातानं बाजूला केली, सिस्टर "अहो, अहो" करत धावली, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आजी म्हणाली, "अ!"